खोकला टीबीचा, की कामावरच्या धुळीचा? दवाखान्यात राहून जाणारा एक प्रश्न

नंदुरबार : दिवाळी आटोपली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवर पिकअप आणि क्रूझर गाड्या दिसायला लागतात. घराला कडी लागते. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहतात, बाकीचं घर गुजरातच्या वाटेला लागतं. कुणी बारडोलीकडे ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी सुरतला बांधकामावर, कुणी एखाद्या कारखान्यात पोती भरायला. होळीला ही माणसं परत येतात. हातात चार पैसे असतात, पोरांना नवे कपडे असतात. आणि काहींच्या छातीत खोकला असतो.

खोकला महिनाभर गेला नाही की माणूस दवाखान्यात जातो. तिथे विचारलं जातं, खोकला किती दिवसांपासून आहे? ताप येतो का? वजन घटलं का? घरात कुणाला टीबी होता का? हे सगळे प्रश्न बरोबर आहेत, ते विचारलेच पाहिजेत. पण 'तू कुठल्या कामावर होतास? तिथे धूळ होती का?' हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. मजूरही आपण होऊन सांगत नाही. कारण कामाचा आणि खोकल्याचा काही संबंध असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हा एक प्रश्न राहून गेला तर काय होतं, ते बघायला लांब जायची गरज नाही. नर्मदा ओलांडली की पुरे.

नदीपलीकडे काय घडलं

नर्मदेच्या या काठाला धडगाव-अक्कलकुवा, त्या काठाला मध्य प्रदेशचा अलीराजपूर जिल्हा. मध्ये पाणी आणि राज्याची हद्द असली तरी भोंगऱ्या बाजार दोन्हीकडे भरतो, होळी दोन्हीकडे तीच, डोंगरउताराची शेती तशीच. आणि पोट भरायची वाटही एकच, गुजरात.

अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातमधल्या गोध्रा आणि बालासिनोर भागात क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत जायचे. क्वार्ट्झ म्हणजे आपल्याकडे ज्याला गारगोटी म्हणतात तो दगड. तो फोडून, दळून त्याची पांढरी भुकटी करतात आणि ती काचेच्या उद्योगात वापरतात. मजुरांचं काम दगड टाकायचं, भुकटी पोत्यात भरायची, पोती उचलायची. धूळ एवढी बारीक की हवेत तरंगत राहायची. तोंडाला फार तर एखादा रुमाल.

ही माणसं गावी परतली ती दम लागलेली. जवान पोरं. चढ चढता येईना, नांगर धरता येईना. बऱ्याच जणांवर टीबी समजून उपचार झाले. औषधं घेऊनही दम कमी झाला नाही. एकामागून एक माणसं गेली. काही घरांत नवरा-बायको दोघंही कामाला होते, तिथे पोरं उघड्यावर पडली.

आजाराचं नाव होतं सिलिकोसिस. गावातल्या लोकांनी आणि मजुरांच्या संघटनांनी घरोघर फिरून याद्या केल्या. 2006 मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने चौकशी केली आणि नोव्हेंबर 2010 मध्ये शिफारस केली, की मरण पावलेल्या 238 मजुरांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत आणि आजारी असलेल्या 304 जणांचं पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावं. तरी पैसे हातात पडायला वेळ लागला. अखेर 4 मे 2016 रोजी सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला त्या 238 कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख देण्याचा आदेश दिला. एकूण रक्कम 7 कोटी 14 लाख.

2006 ते 2016, म्हणजे दहा वर्षं. एवढ्या काळात पहिलीत गेलेलं पोर दहावीपर्यंत पोचतं. उशिराची कारणं अनेक होती. पण मजुराच्या बाजूची सगळ्यात मोठी अडचण साधी होती. 'मी या कारखान्यात काम केलं' हे दाखवायला त्याच्याजवळ कागद नव्हता. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीचं कार्ड नाही, पगाराची पावती नाही. मुकादम गाडीत बसवून घेऊन गेला आणि रोख पैसे देऊन परत पाठवलं, एवढाच काय तो पुरावा.

धूळ छातीत काय करते

शेतातली, रस्त्यावरची जाड धूळ नाकात अडकते. शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. पण दगड दळताना, कापताना किंवा त्याला भोक पाडताना उडणारी सगळ्यात बारीक धूळ डोळ्यालाही दिसत नाही. ती थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. गारगोटी, वाळू, वाळूचा दगड यांत सिलिका असते. सिलिकाचे कण तिथे रुतून बसले की शरीर त्यांच्याभोवती गाठी धरायला लागतं. जखम भरल्यावर कातडीवर जसा कडक वण राहतो, तसे वण फुफ्फुसात पडतात. फुफ्फुस फुगायचं कमी होतं. मग दम लागतो.

यातली फसवी गोष्ट अशी, की काम करताना फारसं दुखत नाही. साधारणपणे आजार दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ धुळीत काम केल्यावर दिसतो. धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांत ते पाच वर्षांतही दिसू शकतो, गोध्र्याला गेलेल्यांचं तसंच झालं. काम सोडून घरी आल्यावरही आजार वाढत राहू शकतो. फुफ्फुसातले वण पुसून टाकणारं औषध आजपर्यंत निघालेलं नाही. म्हणून हा आजार बरा करण्यापेक्षा टाळणं हाच उपाय आहे.

टीबीशी गोंधळ का होतो, तेही समजून घ्यायला हवं. खोकला, दम, वजन घटणं दोन्हीत असतं. एक्स-रेमध्ये डाग दोन्हीत दिसतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका कित्येक पटीने वाढतो, म्हणजे दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. त्यामुळे कुणीही स्वतःच्या मनाने टीबीची गोळी बंद करू नये. टीबीचा कोर्स पूर्ण करायचाच. पण कोर्स पूर्ण होऊनही दम जात नसेल, किंवा थुंकीच्या तपासणीत टीबी सापडत नसेल, तर डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, 'साहेब, मी दगडाच्या धुळीत काम केलंय. त्या दृष्टीने एक्स-रे बघा.'

इटलीत रामाझिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. खाणकामगार, दगडफोडे, गवंडी, कुंभार यांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी आजार पाहिले आणि 1700 साली त्यावर पुस्तक लिहिलं. डॉक्टर रोग्याला जे प्रश्न विचारतात त्यात आणखी एक घाला, 'तू काम काय करतोस?' असं त्यांनी सांगून ठेवलं. त्याला तीनशे वर्षं उलटून गेली. केसपेपरवर आजही बहुतेक वेळा 'मजुरी' एवढाच शब्द पडतो. कसली मजुरी, ते लिहिलं जात नाही.

जिल्ह्यातही धूळ आहेच

हा फक्त गुजरातला जाणाऱ्यांचा विषय नाही. आपल्या जिल्ह्यातही धुळीची कामं कमी नाहीत.

नंदुरबारच्या मिरचीचं नाव देशभर आहे. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि शहराभोवतीच्या पथारींवर वाळायला पडते. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं, फोटो काढायला लोक थांबतात. पण त्या पथारीवर दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे हात संध्याकाळी भाजल्यासारखे होतात. घरी जाऊन भाकरी थापायची, लेकराला जवळ घ्यायचं तर तेच हात. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, तो तेलात सुटतो. म्हणून आधी हाताला गोडं तेल चोळायचं, पुसायचं आणि मग साबणाने धुवायचं. हातमोजे मिळाले तर उत्तमच. मिरची दळायच्या ठिकाणी तर ठसका, शिंका, डोळ्यांची आग रोजचीच. मिरचीच्या खकाण्याने सिलिकोसिस होत नाही. पण ज्याला आधीच दमा आहे, त्याला हे काम झेपत नाही.

कापसाच्या जिनिंगमध्ये आणि सूतगिरणीत वेगळी धूळ असते. तिथल्या कामगाराला सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि आठवड्यात हळूहळू बरं वाटायला लागतं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. कापसाच्या धुळीच्या आजाराची ही ओळखीची खूण आहे. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला कळलं आणि धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर दम कायमचा जडतो.

याशिवाय खडी फोडायचे क्रशर आहेत. घरोघरी टाइल्स, ग्रॅनाइट, कोटा फरशी बसवली जाते. फरशी कोरडी कापली की कारागिराच्या तोंडावर पांढरा ढग येतो. त्यातही सिलिका असते. कटरवर पाण्याची धार सोडली तर बरीच धूळ जागीच बसते. खर्च एका बाटलीचा आणि पाण्याचा.

माहिती नाही, की मोकळीक नाही?

'कामगारांमध्ये जागृती नाही' असं वाक्य भाषणांत नेहमी येतं. ते अर्धं खरं आहे. सिलिकोसिस हे नाव मजुराला माहीत नसतं हे खरं. पण धूळ वाईट आहे हे न कळण्याइतका तो अडाणी नसतो. तोंडाला रुमाल तो आपल्या अकलेनेच बांधतो.

अडचण पुढे आहे. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, आजारपणात किंवा बी-बियाण्यात गेलेली असते. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मजुरी पोत्यावर किंवा नगावर असते, त्यामुळे थांबून मास्क नीट बसवायचा म्हणजे तेवढे पैसे कमी. मालकाला विचारलं तर 'नको असेल तर जा, दुसरा येईल' हे उत्तर ठरलेलं. अशा माणसाला नुसतं पोस्टर दाखवून काय होणार?

म्हणून धूळ कमी करणं हे आधी मालकाचं काम आहे. मशीन झाकणं, धूळ ओढून घेणारा पंखा बसवणं, पाणी मारणं, कोरडा झाडू बंद करणं, हे पहिलं. एन-95 सारखा मास्क त्यानंतर. साधा रुमाल बारीक सिलिका अडवत नाही, त्याच्यावर विश्वास टाकू नये. मजुराच्या हातात राहतं ते एवढंच, की वाऱ्याच्या उलट बाजूला तोंड येणार नाही असं उभं राहायचं, धुळीत बसून भाकर खायची नाही, कामाचे कपडे झटकून तसेच झोपडीत न्यायचे नाहीत, वेगळे धुवायचे. आणि विडी सोडायची, कारण धुळीने अधू झालेल्या फुफ्फुसाला विडी आणखी खाली ओढते.

नव्या कायद्यात काय मिळालं, काय सुटलं

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. जुने 29 कामगार कायदे त्यांत आले. मजुराच्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी कामाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे. 40 वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल असं केंद्र सरकारने सांगितलं आहे. पूर्वी ठेकेदाराने नेलेलाच परराज्यातला मजूर 'स्थलांतरित कामगार' धरला जायचा, आता स्वतःहून गेलेलाही त्यात बसतो. वर्षातून एकदा गावी येण्या-जाण्याच्या भाड्याची तरतूद आहे.

आता दुसरी बाजू. 1979 च्या जुन्या कायद्यात पाच परराज्यातले मजूर असले तरी मालक कायद्यात यायचा, आता दहा लागतात. ठेकेदाराला परवाना घ्यायला पूर्वी 20 मजुरांची अट होती, आता 50 ची आहे. केंद्राच्या जुन्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की तो कारखाना धरला जायचा, आता 20 लागतात. धोक्याच्या कामांची यादी काढून लहान ठिकाणांनाही नियम लावायची मुभा केंद्र सरकारला आहे, पण त्याचा उपयोग यादीत काय येतं त्यावर अवलंबून. आपल्या भागातली माणसं जिथे जातात ती ठिकाणं मोठी कमी आणि लहानच जास्त असतात. आठ मजुरांची दगडाची चक्की, पंधरा जणांचं शेड. धूळ मात्र माणसं मोजून उडत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा. अलीराजपूरमध्ये गेलेल्यांत जवान पोरं मोठ्या संख्येने होती. वीस-पंचविसाव्या वर्षी धुळीत गेलेल्याची तपासणी चाळिशीनंतर सुरू करायची, तर तोवर व्हायचं ते होऊन जाईल. धुळीच्या कामात वय न बघता पहिल्या वर्षापासून तपासणी व्हायला हवी.

सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे दोन्ही 'कळवण्यायोग्य आजार' आहेत. कारखान्यात काम करणाऱ्याला असा आजार आढळला तर डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवायचं, असं 1948 च्या कारखाना कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. पण कामच विचारलं नाही तर कळवणार काय?

ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने याच प्रकरणात पुढचे निर्देश दिले. सिलिकोसिसचा धोका असलेल्या उद्योगांवर राष्ट्रीय हरित लवादाने लक्ष ठेवावं आणि भरपाईच्या कामावर मानवी हक्क आयोगाने देखरेख करावी, असं कोर्टाने सांगितलं. राजस्थान सरकारने 2019 मध्ये स्वतंत्र धोरण आणलं. तिथे वैद्यकीय मंडळाने आजाराचं प्रमाणपत्र दिलं की 3 लाख, मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख आणि महिन्याला 1500 रुपये पेन्शन. मालक कोण होता हे सिद्ध होईपर्यंत मजुराला थांबावं लागत नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी मुंबईत मागायची असेल तर ही गोष्ट मागावी.

हातातला मोबाईलच साक्षीदार

गोध्र्याला गेलेल्यांजवळ पुरावा नव्हता. आज गाडीत बसणाऱ्या पोरांच्या खिशात मोबाईल आहे. त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. कामाला जाणाऱ्यांनी आणि घरी थांबणाऱ्यांनी एवढं करावं :

1) कारखान्याची पाटी, गेट आणि गावाचं नाव दिसेल असा फोटो पहिल्याच दिवशी काढा. त्या जागेचं लोकेशन घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा.

2) मुकादमाचं नाव, गाव, नंबर घरी लिहून ठेवा. उचलीच्या कागदाचा, हजेरीच्या वहीचा, गेटपासचा फोटो ठेवा.

3) मजुरीतली थोडी रक्कम तरी बँकेत किंवा फोनवर घ्या. पैसे कुणाकडून आले याची नोंद राहते.

4) नेमणुकीचं पत्र मागा. ई-श्रम कार्ड काढलेलं नसेल तर निघण्याआधी काढा. राज्यात बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, त्यासाठी वय 18 ते 60 लागतं.

5) धुळीच्या कामाला जाण्याआधी छातीचा एक एक्स-रे काढून ठेवा. पुढे आजार झाला तर 'आधी छाती साफ होती' हे सांगता येतं.

6) दवाखान्यात गेल्यावर किती वर्षं, कुठल्या गावात, कसल्या धुळीत काम केलं ते न विचारता सांगा आणि केसपेपरवर लिहून मागा. जुने एक्स-रे फेकू नका.

7) आजाराचं निदान झालं तर भरपाईचा अर्ज लांबणीवर टाकू नका. अर्जाला मुदत असते.

बाकीचं काम यंत्रणेचं आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळीत काम केलेल्यांचे एक्स-रे बघायला तिथे आठवड्यातला एक दिवस ठरवता येईल. आशाताई टीबीच्या सर्वेक्षणाला घरोघर जातातच, त्यांच्या वहीत 'धुळीचं काम केलं का' हा एक रकाना वाढवता येईल. ग्रामपंचायतीने कोण, कुठे, कुणाबरोबर गेलं याची वही ठेवली तर दहा वर्षांनी तीच वही कोर्टात उभी राहील.

येत्या होळीला गाड्या परत येतील. ढोल वाजतील, काठीची होळी पेटेल. नाचताना एखादा जवान पोरगा दोन फेऱ्यांत दमून बाजूला बसला, तर त्याला दारू कमी पी म्हणून हसण्याआधी विचारून घ्या, भाऊ, तू कुठल्या कामावर होतास?